एका दिवसाची मजुरी, एका दिवसाची चाल: फँटसी रोलप्लेइंग गेममधली मापं आणि नाणी कशी ठरवावीत

नवीन जग रचायला बसलेला गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी हमखास करतो. नकाशा काढतो आणि नाण्यांना नावं देतो. मीही तेच केलं होतं. पाच प्रकारची नाणी, प्रत्येकावर वेगळ्या राजाची छाप, सात लहान नाण्यांचं एक मधलं आणि तेरा मधल्यांचं एक मोठं. तिसऱ्या सत्रात एका खेळाडूनं सरायवाल्याला विचारलं, "रात्रीचे किती?" आणि मी माझीच वही चाळायला लागलो. मला पान सापडेपर्यंत दुसऱ्यानं "दे एक सोन्याचं आणि चल वर" म्हणून विषय संपवला. त्यानंतर ते कॅम्पेन, म्हणजे सत्रामागून सत्र चालणारी ती गोष्ट, दीड वर्ष चाललं, पण सोन्याशिवाय दुसऱ्या नाण्याचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही.

मापांचं आणि नाण्यांचं काम एवढंच असतं: परवडेल का, पोचू का, उचलेल का, या तीन प्रश्नांची उत्तरं खेळाडूला मनातल्या मनात काढता यावीत. त्यासाठी दोन खुंट्या पक्क्या ठोकल्या की पुरतं. साध्या माणसाची एका दिवसाची मजुरी ही एक, आणि पायी माणसाची एका दिवसाची चाल ही दुसरी. बाकी सगळं त्यांना टांगता येतं.

पायरी १: हातातलं नियमपुस्तक आधी वाचा

स्वतःची पद्धत रचण्याआधी तुमच्या खेळात काय दिलंय ते बघा, आणि ते तसं का आहे हेही. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये आला तो मिनिएचर, म्हणजे लहान पुतळे, मांडून खेळायच्या युद्धखेळांमधून. तिथे अंतर टेबलावर पट्टीनं, इंचात मोजायचे. ती सवय बरीच वर्षं टिकली. त्याच्या १९७८ च्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकात मंत्राचा पल्ला इंचात लिहिलेला आहे, आणि एक इंच म्हणजे तळघरात दहा फूट, पण उघड्यावर दहा यार्ड. म्हणजे गुहेतून बाहेर पाऊल टाकलं की पल्ला तिप्पट! नवख्यांचा किती गोंधळ उडाला असेल, विचारू नका. आज बहुतेक टेबलांवर चौकटीचा बॅटल मॅप, म्हणजे लढाईचा नकाशा, असतो, एक इंचाची चौकट म्हणजे पाच फूट, आणि इंचाचं काम तिथेच संपतं.

तेव्हाच्या नियमांत आणखी एक गोष्ट होती: तळघरातून बाहेर काढलेल्या खजिन्याच्या दर सोन्याच्या नाण्यामागे एक अनुभवगुण, आणि असे गुण साठले की पात्र वरच्या पातळीवर जातं. त्यामुळे नाणी हजारांनी सापडायची, आणि ती बाहेर कशी न्यायची हाच खेळ व्हायचा. १९८१ च्या बेसिक नियमांत तर वजनाचं एककच 'नाणं' होतं. साधी तलवार साठ नाणी वजनाची! हे माहीत असलं की सोनं एवढं स्वस्त का वाटतं याचा उलगडा होतो. ते मुळात पैसे म्हणून कमी आणि गुण म्हणून जास्त वापरलं जात होतं.

पायरी २: मजुरी ठरवा, मग किमती

इथे घाई करू नका, कारण नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत याच पायरीवर होते.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली नाणी घेऊ. दहा तांब्याच्या नाण्यांचं एक चांदीचं, दहा चांदीच्यांचं एक सोन्याचं, दहा सोन्याच्यांचं एक प्लॅटिनमचं. मध्ये इलेक्ट्रम नावाचं एक आहे, पाच चांदीच्यांइतकं. ते जवळजवळ कुणीच वापरत नाही. (इलेक्ट्रम ही सोन्याचांदीची खरी मिश्रधातू आहे आणि लिडिया या प्राचीन राज्याची सगळ्यात जुनी नाणी तिचीच होती. ऐकायला छान, टेबलावर डोकेदुखी. मी पहिल्याच दिवशी काढून टाकतो.)

याच नियमांत बिनकसबी मजुराची मजुरी दिवसाला दोन चांदीची नाणी आहे, आणि कसबी माणसाची दोन सोन्याची. आता किंमतयादी या मजुरीत वाचून बघा. लांब तलवार पंधरा सोन्याची, म्हणजे दीडशे चांदीची, म्हणजे पंचाहत्तर दिवसांची मजुरी. जखम भरून काढणारं औषध पन्नास सोन्याचं: अडीचशे दिवस. अंगभर लोखंडी चिलखत दीड हजार सोन्याचं, साडेसात हजार दिवस, वीस वर्षांहून जास्त! खेळाडू ते चिलखत घालून वेशीतून आत येतो तेव्हा गावकऱ्यांच्या लेखी तो एका माणसाची अर्धी हयात अंगावर मिरवत असतो. हे लक्षात आलं की तुमच्या तोंडून गावकऱ्यांचे संवाद आपोआप वेगळे येतात.

अशा वाचनात यादीतल्या फटीही दिसतात. प्रवासातल्या एका दिवसाच्या शिध्याची किंमत पाच चांदीची आहे. म्हणजे दिवसभर राबून मजुराला एका दिवसाचाही शिधा घेता येत नाही. दुसरीकडे गरिबीतलं राहणं दिवसाला दोन चांदीचं, नेमकं त्याच्या मजुरीइतकं. हातावर पोट म्हणतात ते इथे आकड्यांत दिसतं, पण शिध्याची किंमत त्यात बसत नाही. कारण सोपं आहे. ती यादी साहसी लोकांच्या खरेदीसाठी लिहिलेली आहे, गावाचं अर्थकारण चालवायला नाही. त्यामुळे सगळी यादी दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. जी वस्तू गावकरी रोज घेतात ती मजुरीत बसवा आणि बाकीची आहे तशी राहू द्या.

स्वतःचं चलन करायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी एक नाणं निवडा जे बिनकसबी माणसाला दिवसाकाठी मिळतं. ते तुमचं मुख्य नाणं. बहुतेक जगांत ते चांदीचं असावं असं माझं मत आहे, कारण मग सोनं सापडल्यावर टेबलावर खरोखर कुजबुज होते. मग त्याच्या खाली एक नाणं, भाकरतुकड्यासाठी, आणि वर एक, घोड्यासाठी. तीन पुरेत. चौथं नाणं तेव्हाच आणा जेव्हा त्याला एखादी गोष्ट जोडलेली असेल: बुडालेल्या साम्राज्याचं, जे फक्त सावकार घेतात, किंवा शेजारच्या राज्याचं, जे खिशात सापडलं तर कोठडी.

नाण्यांमधलं प्रमाण दहाचं ठेवावं की नाही? दहा सोपं आहे यात वाद नाही. जर्मनीत १९८४ मध्ये आलेल्या 'दास श्वार्त्से आउगे' या खेळातही डुकाट, थालर, हेलर, क्रॉयत्सर अशी जुन्या वळणाची नावं आहेत, पण प्रत्येक पायरी दहाचीच. नाव जुनं, हिशोब सोपा, ही युक्ती उचलण्यासारखी आहे. याउलट वॉरहॅमर फँटसी रोलप्ले या खेळात बारा पितळी पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक सोन्याचा क्राउन, म्हणजे क्राउनला दोनशे चाळीस पेनी. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत हीच पद्धत होती. बेरीज करताना ती त्रास देते, पण वाटणीत तिची मजा कळते. दोनशे चाळीसला दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ सगळ्यांनी निःशेष भाग जातो. शंभर तांब्याची नाणी तिघांत वाटायला बसा, एक उरतंच, आणि त्या एकावरून माझ्या टेबलावर अर्धा तास वाद झालेला आहे. तरीही नवख्यांना मी दहाच सांगेन. वॉरहॅमरची पद्धत मळकट, कंजूष, पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या शहरात शोभते. वीरकथेत ती पायात घुटमळते.

पैसे मोजायचेच नसतील तरी चालतं. ब्लेड्स इन द डार्क या खेळात नाण्यांची उतरंड नाही, 'कॉइन' नावाचं एकच ढोबळ एकक आहे आणि चारपेक्षा जास्त कॉइन जवळ बाळगता येत नाहीत. तुमच्या गटाला किरकोळ खरेदीचा कंटाळा असेल तर "तुझ्या ऐपतीतलं आहे, घे" एवढं म्हणणंही नियमच आहे.

पायरी ३: चाल ठरवा, मग नकाशा

नकाशा काढून झाल्यावर त्यावर मोजपट्टी चिकटवणं म्हणजे घोड्यापुढे गाडी. मग कळतं की शेजारचं गाव चार महिन्यांच्या वाटेवर आहे.

पाचव्या आवृत्तीत साध्या वेगानं तासाला तीन मैल आणि आठ तासांच्या दिवसात चोवीस मैल होतात. जपून, लपतछपत गेलात तर अठरा, झपाझप गेलात तर तीस. चोवीस मैल म्हणजे साधारण साडेअडतीस किलोमीटर. डोंगर, दलदल, दाट जंगल आलं की निम्मे. हे आकडे मला बरे वाटतात, कारण पाठीवर ओझं घेऊन चांगल्या रस्त्यानं चालणारा धडधाकट माणूस एवढं गाठू शकतो.

षटकोनी चौकटींचा, म्हणजे हेक्सचा, नकाशा काढणारे अनेक जण एक हेक्स सहा मैलांचा धरतात. दिवसाला चार हेक्स, हिशोब सरळ. त्याचा दुसरा फायदा फारसा कुणी सांगत नाही. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण पावणेपाच किलोमीटरवर दिसतं, म्हणजे जेमतेम तीन मैल. हेक्सच्या मधोमध उभं राहिलं तर नजर साधारण हेक्सच्या कडेपर्यंत पोचते. खेळाडूनं "मला काय दिसतंय?" विचारलं की उत्तर तयार: या हेक्समधलं सगळं, आणि पुढच्यातलं काही बघायचं असेल तर टेकडीवर चढ.

म्हणून नकाशा असा काढा: आधी दोन मुख्य ठिकाणं घ्या आणि त्यांच्यात किती दिवसांची वाट हवी ते ठरवा. तीन दिवसांत दोन मुक्काम येतात, दोन मुक्कामांत दोन घटना घडवता येतात. दिवस ठरले की मैल आपोआप निघतात. खेळाडूंना मैल सांगूच नका. "दोन दिवसांची वाट, नदीला पूर असेल तर तीन" हे वाक्य कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगतं, कारण ते ऐकून ते शिधा मोजायला लागतात.

पायरी ४: लढाईतलं माप

इथे फार डोकं लावायचं नाही. फूट नकोसे वाटत असतील तर मीटर करा. पाच फूट म्हणजे दीड मीटर. फुटांना तीननं गुणा, दहानं भागा. तीस फुटांची चाल नऊ मीटर, साठ फुटांचा पल्ला अठरा. याहून सोपं म्हणजे चौकटी मोजा: तीस फूट म्हणजे सहा चौकटी, कुणाला काही विचारावं लागत नाही. वेळेचंही तसंच. पाचव्या आवृत्तीत एक राउंड, म्हणजे लढाईतली सगळ्यांची एक फेरी, सहा सेकंदांचा, दहा राउंडचं एक मिनिट, आणि मशाल तासभर जळते.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या: माप फक्त लांबीचं आहे की घनफळाचंही? जुन्या नियमांत आगीच्या गोळ्याचा मंत्र सुमारे तेहतीस हजार घनफूट जागा भरायचा, आणि जागा अरुंद असेल तर तेवढं घनफळ भरेपर्यंत पसरत जायचा. दहा फूट रुंद, दहा फूट उंच बोळात तो टाकला की ज्वाळा तीनशे तीस फूट लांब पसरणार, आणि त्यातल्या निम्म्या टाकणाऱ्याच्या दिशेनं. हात दाखवून अवलक्षण! आजच्या नियमांत गोळा वीस फुटांच्या त्रिज्येत थांबतो. सुटसुटीत आहे, पण बोळातला तो हिशोब मला अजून आवडतो.

पायरी ५: वजन आणि ओझं

पाचव्या आवृत्तीत पात्राच्या ताकदीच्या आकड्याला पंधरानं गुणलं की उचलता येणारे पौंड मिळतात. ताकद दहा असेल तर दीडशे पौंड, म्हणजे अडुसष्ट किलो. हे इतकं सढळ आहे की बहुतेक टेबलांवर ओझं कुणी मोजतच नाही. मग एके दिवशी ड्रॅगनची गुहा सापडते.

पन्नास नाण्यांचा एक पौंड. गुहेत सहा हजार सोन्याची नाणी ठेवलीत तर ती एकशे वीस पौंडांची होतात, चोपन्न किलो. आकारानं बघाल तर हसू येईल: सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड असल्यानं एवढा ऐवज वितळवला तर तीन लिटरही भरत नाही. तुम्ही वर्णनात रचलेला सोन्याचा डोंगर प्रत्यक्षात एका लहान बादलीत मावतो, फक्त ती बादली घेऊन पळता येत नाही. पाठीवरच्या पिशवीत तीस पौंड मावतात, म्हणजे दीड हजार नाणी. चौघांचा गट असेल तर चार पिशव्या काठोकाठ, आणि दोर, मशाली, शिधा सगळं गुहेत सोडायचं. तोच ऐवज प्लॅटिनममध्ये असता तर बारा पौंड, एकानं सहज नेला असता. तांब्यात असता तर बारा हजार पौंड, आणि मग खेचरांची, गाड्यांची, पहारेकऱ्यांची एक वेगळीच मोहीम. खजिना कुठल्या धातूत ठेवायचा हे तुमच्या हातात आहे, आणि धातू बदलला की पुढचं सत्रच बदलतं.

पौंड मोजायचा कंटाळा असेल तर खणांची पद्धत घ्या. शॅडोडार्क या खेळात ताकदीचा आकडा किंवा दहा, जे जास्त असेल तेवढे खण; साधी वस्तू एका खणात, आणि पहिली शंभर नाणी फुकट. पाथफाइंडर या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत ओझ्याचं एकक 'बल्क' आहे, ज्यात दहा हलक्या वस्तूंचा एक बल्क आणि हजार नाण्यांचा एक. मला खणांची पद्धत पसंत आहे. "मशाल ठेवू की मूर्ती?" हा प्रश्न तिथे खरंच विचारावा लागतो.

पायरी ६: नावं, आणि तीही शेवटी

मराठीत खेळवत असाल तर इथे तुमच्याकडे आयता खजिना आहे. कोस, वीत, हात, मण, तोळा, रती, घटका, पळ, प्रहर ही मापं आता व्यवहारात उरली नसली तरी बोलण्यात जिवंत आहेत. तोळा नेमका किती ग्रॅमचा हे खेळाडूला माहीत नसेल, पण तोळामासा प्रकृती म्हणजे काय हे कळतं. मणभर म्हटलं की जड, रतीभर म्हटलं की नगण्य, हे समजावून सांगावं लागत नाही.

काही तर नियमांतही चपखल बसतात. घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचं. म्हणजे सहा सेकंदांचे चार राउंड झाले की एक पळ. मशाल अडीच घटका जळते. प्रहर तीन तासांचा, तेव्हा रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या प्रहरांत लावा: "दुसऱ्या प्रहरी कोण जागं आहे?" असं विचारलं की सगळे सावरून बसतात.

पण हिशोबाचं माप आणि बोलण्याचं माप वेगळं ठेवा. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, चौकटी आणि पौंड असू द्या. पात्रांच्या तोंडी कोस आणि प्रहर. लांबच्या गोष्टींना तर आकडाच नको: हाकेच्या अंतरावर, बाणाच्या टप्प्यात, नजरेच्या टोकाला. बाणाच्या टप्प्यात म्हटल्यावर धनुर्धारी खेळाडू विचारेलच, "माझ्या की त्याच्या?" तेव्हा द्या आकडा.

आणि नावं बोलून बघा. जे नाव सलग तीनदा म्हणताना जीभ अडखळते ते नाणं दुसऱ्या सत्रापर्यंत 'सोनं' होऊन बसतं.

पायरी ७: एक पान, आणि एक चाचणी

हे सगळं एका पानावर बसलं पाहिजे. माझ्या सध्याच्या पानावर एवढंच आहे: मजुरी दिवसाला दोन चांदीची. गरम जेवण आणि अंथरूण एक चांदीचं. शस्त्र दोन-तीन महिन्यांची मजुरी, घोडा त्याहून बराच जास्त. जादूची कुठलीही वस्तू वर्षाच्या मजुरीच्या वर. चाल दिवसाला चार हेक्स, वाईट वाटेनं दोन. पिशवीत दीड हजार नाणी. पानाच्या मागे काही नाही.

यादीत नसलेली वस्तू कुणी मागितली तर पान चाळू नका. मनात विचारा, ही करायला कसबी माणसाला किती दिवस लागतील? चार दिवस, तर आठ सोन्याची, वर सामानाचे थोडे. होडी, कुलूप, खोटी राजमुद्रा, काहीही याच रीतीनं निघतं. खोट्या राजमुद्रेला मात्र पकडलं जाण्याच्या भीतीचे दुप्पट लावा.

चाचणी पहिल्याच सत्रात घ्या. गटाला नदीपाशी आणा. नावाडी माणशी एक चांदीचं नाणं मागतो. पूल दोन दिवस वर आहे, फुकट. उतार जवळच आहे, पण पाणी छातीभर, आणि जड ओझं पलीकडे जाणार नाही. मग गप्प बसा आणि ऐका. खेळाडू "मजुराची अर्ध्या दिवसाची कमाई मागतोय हा!" म्हणत घासाघीस करू लागले, कुणी शिध्याचे दिवस मोजले, कुणी चिलखत उतरवायचं का विचारलं, तर पान जमलं. सगळ्यांनी न बघताच एक सोन्याचं नाणं भिरकावलं, तर पुढच्या सत्राआधी खजिन्यातलं सोनं चांदी करा.